आजींना गॅस झालेला नव्हता

इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीची पोस्टिंग लागून जेमतेम आठवडा झाला होता. रात्री अकराच्या सुमारास मुलगा आणि सून एका आजींना घेऊन आले. सत्तरीपुढच्या, अंगाने काटकुळ्या, नऊवारी नेसलेल्या. दोन दिवस उलट्या आणि राहून राहून पोटात कळ. ताप नाही, नाडी ७६, पोट मऊ. मुलगा म्हणाला, "गॅस धरलाय, डॉक्टर." वरिष्ठांना मी फोनवर गॅस्ट्रायटिस सांगितलं, त्यांनी माझ्या तपासणीवर विश्वास ठेवला. पित्ताचं आणि उलटीचं इंजेक्शन दिलं. तासाभराने आजींना बरं वाटलं, घरी सोडलं.

सकाळी त्या परत आल्या तेव्हा पोट टम्म फुगलेलं होतं आणि वरचं बीपी ८०. सर्जरीच्या रेसिडेंटने मावशींकरवी कासोटा सोडवला आणि जांघेत हात लावला. लिंबाएवढी कडक गाठ होती. फीमोरल हर्निया, म्हणजे आतडं जांघेतल्या फटीतून बाहेर सरकलेलं, आणि तिथे अडकून काळं पडलेलं. तेवढा भाग कापून काढावा लागला. आजी वाचल्या, पण आदल्या रात्रीच ऑपरेशन झालं असतं तर कदाचित आतडं वाचलं असतं. मी जांघ पाहिलीच नव्हती. नऊवारी सोडायला सांगायचा संकोच वाटला होता.

म्हणून नव्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं हेच असतं. पडदा ओढा, सिस्टरना सोबत घ्या, "आजी, जांघेत गाठ आहे का बघायचंय" असं सरळ सांगा. आजी लाजतात, पण नाही म्हणत नाहीत. हा हर्निया वयस्क, बारीक बायकांमध्ये जास्त दिसतो आणि गाठ दुखतेय असं त्या स्वतःहून सांगतीलच असं नाही.

मऊ पोटाने मला फसवलं, तसं ते तुम्हालाही फसवेल. म्हातारपणी पोटाचे स्नायू पातळ होतात, त्यामुळे आत पू झाला तरी पोट लाकडासारखं कडक होईलच असं नाही. ताप येतोच असं नाही, पांढऱ्या पेशीही कधीकधी नॉर्मल येतात. आणि ती ७६ नाडी? आजींना बीपीसाठी अटेनोलॉल चालू होती, ती नाडी वाढूच देत नाही. हे मला सुनेने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आदल्या रात्री मी फक्त मुलाशी बोललो होतो. घरात गोळ्या कोण काढून देतं हे विचारा आणि त्या माणसाशी बोला. औषधांची पिशवीच मागवा. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या किंवा कुणी दिलेल्या पुड्या त्यात सापडल्या, तर जठराला भोक पडलं असेल का, हा विचार करा. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली) हवा दिसली नाही, एवढ्यावरून भोक नाही असं ठरत नाही.

वरच्या पोटात दुखतंय, मळमळतंय, घाम आलाय, तर आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पित्ताच्या रूपात येतो. साठीनंतर पहिल्यांदाच 'मूतखड्याची' कळ आली तर सोनोग्राफीत महाधमनी फुगलीय का तेही बघायला सांगा. फार बोलू न शकणारे आजोबा नुसतेच तळमळत असतील तर लघवी तुंबली आहे का पाहा.

मला सगळ्यात भीती वाटते ती वेगळ्याच पेशंटची. नाडी अनियमित, माणूस वेदनेने गडाबडा लोळतोय, आणि पोटाला हात लावला तर काहीच नाही. आतड्याच्या धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. अवयवाला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं लॅक्टेटही सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतं. काही तासांनी दुखणं ओसरतं, नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमकं तेव्हाच आतडं मरत असतं. इथे सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, लगेच हवा. क्रिएटिनिनच्या (किडनीच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी तो अडकला तर वरिष्ठांना झोपेतून उठवा. रागावले तर रागावू देत.

वेदनाशामक मात्र रोखून धरू नका. त्याने निदान झाकलं जातं ही जुनी समजूत आहे. दुखणं कमी झालं की पेशंट शांत पडून राहतो आणि पोट उलट चांगलं तपासता येतं. मग तीन-चार तासांनी शक्यतो त्याच हातांनी पुन्हा तपासा.

केसपेपरवर गॅस किंवा बद्धकोष्ठ लिहायची वेळ येईल, पण बाकी सगळं बाजूला पडल्यावरच. आणि म्हातारं माणूस घरी एकटं राहत असेल, तर ती रात्र त्याला वॉर्डातच ठेवा.