ऑनलाईन माल विकताय? ‘सब्जेक्ट टू सांगली ज्युरिसडिक्शन’च्या भरवशावर राहू नका, या चुका टाळा

सांगली मार्केट यार्डातल्या बिलांवर खाली बारीक अक्षरात ‘सब्जेक्ट टू सांगली ज्युरिसडिक्शन’, म्हणजे वाद झाला तर तो सांगलीच्याच कोर्टात चालेल, ही ओळ असतेच, आणि व्यापारी-व्यापारी व्यवहारात ती बऱ्याचदा चालतेही. पण आता हळद, बेदाणा वेबसाईटवरून थेट गिऱ्हाईकाच्या घरी जायला लागलाय आणि लोक तीच ओळ तिथं चिकटवून निर्धास्त बसतात, ही सगळ्यात मोठी चूक. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३४ बघा, ग्राहक जिथं राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तो तक्रार टाकू शकतो. म्हणजे गुवाहाटीच्या बाईंनी मागवलेली हळद खराब निघाली तर केस गुवाहाटीत चालू शकते, तुमच्या अटींमध्ये काहीही लिहिलेलं असू दे.

अशी नोटीस आली की ‘आपल्या हद्दीतली नाही’ म्हणून कपाटात टाकू नका, खरंच सांगतो. लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं, आयोगाने वाढवून दिले तर वर १५, त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्या असा अर्ज करता येतो, त्यामुळे प्रवासखर्चाच्या भीतीने गप्प बसायचं कारण नाही.

दुसरी चूक म्हणजे अटी कॉपी-पेस्ट करणं. मोठ्या साईटच्या अटी उचलल्या, नाव बदललं आणि ‘बेंगळुरू कोर्ट’ तसंच राहिलं! ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला दोघांनी सह्या करून तो देता येत नाही. होलसेलच्या करारात अधिकार असलेल्या कोर्टांपैकीच एक निवडा आणि नाव स्पष्ट लिहा.

परदेशाचं वेगळंच. जर्मनीत साईट नुसती दिसते म्हणून युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, लागत नाही, पण युरोत भाव लावले, तिकडे डिलिव्हरी सुरू केली तर लागू शकतो आणि दंडाची मर्यादा २ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. माल पाठवायचाच नसेल तर चेकआऊटमध्ये ते देश बंदच ठेवा.

आणि अमेरिकेतल्या घाऊक खरेदीदाराने पैसे बुडवले तर सांगली कोर्टाचा हुकूमनामा तिकडे थेट बजावता येत नाही. करारातच लवादाचं कलम घाला, म्हणजे वाद कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या त्रयस्थाकडे सोडवायचा, लवादाचं ठिकाण लिहा, १९५८ च्या न्यूयॉर्क करारात भारत आणि अमेरिका दोन्ही असल्यामुळे लवादाचा निवाडा तिकडे बजावून घेणं बरंच सोपं पडतं. छोटी ऑर्डर असेल तर सरळ पैसे आधी घ्या.