भूगोल घोकू नका, काढा: नद्यांचं एक पान

दहावी असो की एमपीएससी, मुलं महाराष्ट्रातल्या नद्यांची यादी घोकत बसतात आणि मग पेपरात भीमा नदी बालाघाट डोंगराच्या वर का खाली यावर गाडी अडते, आणि हे बघून खरंच वाईट वाटतं कारण एक पान हाताने काढलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. चित्रकला यायची गरज नाही हं, रेघ, बाण, त्रिकोण एवढं पुरतं.

कोरा कागद आडवा धरा. सगळ्यात वर त्रिकोणांची रांग, तो सातपुडा. त्याखाली तापी, बाण डावीकडे, आणि बाणाशेजारीच लिहा "खचदरी" (जमीन खचून झालेली दरी), म्हणजे ती पश्चिमेला का जाते ते तिथेच कळतं. आता तापीच्या खालून डाव्या बाजूने एक जाड उभी रेघ ओढा, हा सह्याद्री (तापीच्या वर नेऊ नका, तो दक्षिणेलाच सुरू होतो). रेघेच्या डावीकडे कोकण, तिथे आखूड बाण समुद्राकडे, कारण डोंगर नि समुद्र यात अंतरच कमी. उजवीकडे सातमाळा-अजिंठा, खाली गोदावरी, मग हरिश्चंद्र-बालाघाट, खाली भीमा, मग शंभू महादेव, खाली कृष्णा. या तिघींचे बाण उजवीकडे आणि उगमाचे ठिपके सह्याद्रीच्या रेघेवर: त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, महाबळेश्वर. डोंगर, नदी, डोंगर, नदी असं पान भरत गेलं की जलविभाजक म्हणजे काय (दोन नद्यांचं पाणी वेगळं करणारा डोंगर) ते व्याख्या न वाचता समजतं, यादीत ते कधीच दिसत नाही.

पूर्वेला वर्धा आणि वैनगंगा वरून खाली आणा, दोघी मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला. भीमेचा बाण मात्र राज्याच्या हद्दीबाहेर न्या, ती कृष्णेला कर्नाटकात मिळते.

आता खरं काम. दुसऱ्या दिवशी पान न बघता नवीन कागदावर सगळं परत काढा, मग जुनं शेजारी ठेवून जे चुकलं ते लाल पेनने दुरुस्त करा. जिथे लाल आहे तेवढंच वाचा. सुंदर रंगवत बसण्यात संध्याकाळ घालवू नका प्लीज, कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय की शब्द नुसता लिहिण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर जास्त लक्षात राहतो, आणि चित्र किती छान आहे याने फारसा फरक पडत नाही.

राज्यघटनेची कलमं वगैरे ओढूनताणून चित्रात बसवू नका, तिथे साधा तक्ता बरा.

आणि पहिल्याच दिवशी पान ठासून भरू नका, नदीकाठी जागा मोकळी ठेवा, पुढच्या आठवड्यात त्याच पानावर गोदावरीवर जायकवाडी, भीमेवर उजनी, आणि कराडला कृष्णेत येणारी कोयना नि तिच्यावरचं धरण हे सगळं टाकायचंय.