मेन फ्यूज उडाला की तार ‘डायरेक्ट’ करू नका! फ्यूजिबल लिंकच्या या चुका टाळा

बॅटरी ठणठणीत, टर्मिनल घट्ट, तरी चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. अशी गाडी ओढून आणली की मी आधी बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघणारी बारकी तार, म्हणजे फ्यूजिबल लिंक, बघतो. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा तिथे मूळ लिंक उरलेलीच नसते. कुणीतरी घरच्या वायरिंगची लाल तार पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. बावीस वर्षं कराडला गाड्यांचं वायरिंग करतोय, आणि ही एक चूक बघून आता खरंच वीट आलाय.

लिंक ही बॅटरी आणि फ्यूजबॉक्सच्या मधली, मुद्दाम बारीक ठेवलेली वीतभर तार, मेन फ्यूजचंच काम करणारी. ज्या वायरीची राखण करायची, तिच्यापेक्षा ती सहसा चार गेज बारीक असते, म्हणजे तांबं जेमतेम ४० टक्के. पुढे कुठे शॉर्ट झालं तर सगळ्यांत आधी तिनं वितळायचं. वितळताना आवरण पेटू नये म्हणून ते हायपॅलॉनसारख्या खास रबराचं करतात. त्याला फोड येतात, ते फुगतं, पण पेट घेत नाही. घरच्या वायरीवर असतं पीव्हीसी, ते गळतं आणि पेटतंही.

पाटणकडच्या एका शेतकऱ्याची जिप्सी होती. लिंक उडाली, रस्त्यावरच्या वायरमननं चार स्क्वेअर एमएमची तार टाकून दहा मिनिटांत गाडी चालू करून दिली. महिनाभरानं कुंभार्ली घाटात रात्री डॅशबोर्डखालून धूर आला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला वायरी जातात तिथलं रबर झिजलं होतं, आणि मेन वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती. लिंक असती तर तीच वितळून सगळं बंद झालं असतं. तिथली तार मात्र इतकी जाड की तिला काही झालं नाही. तिच्याऐवजी बॅटरीपासून मीटरपर्यंतचं सगळं वायरिंग जळालं. चावी बंद करून उपयोग नव्हता, कारण शॉर्ट चावीच्या आधीच होतं. बॅटरीचं टर्मिनल सोडवायला गाडीत १० नंबरचा पाना नव्हता. शेवटी एका ट्रकवाल्यानं टर्मिनल सोडवलं, म्हणून माणसं आणि गाडी वाचली. मालक मला म्हणाले, “मिस्त्री, महिनाभर तर गाडी झकास चालली की!” चालणारच. शॉर्ट होईपर्यंत कुठलीही तार झकास चालते.

त्या गाडीत दुसरी चूकही झालेली होती, आणि माझ्या मते ती जास्त मोठी. पहिल्यांदा लिंक का उडाली हे कुणी शोधलंच नाही. घासलेली वायर तेव्हाही तिथेच होती. लिंक उगाच उडत नाही. मी नवीन लिंक लगेच टाकत नाही. चावी आणि सगळे स्विच बंद ठेवून तिच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडतो. बल्ब भगभगीत पेटला तर पुढे शॉर्ट आहे. मग एकेक कनेक्टर काढत जातो. ज्यानं बल्ब विझतो, त्या वायरीच्या मागे लागतो. कधी अर्धा तास लागतो, कधी अख्खी दुपार. गिऱ्हाईक घाई करतं, तेव्हा मी चहा मागवतो. पण बल्ब विझल्याशिवाय लिंक जोडत नाही.

नुसतं बघून “लिंक चांगली आहे” म्हणू नका. आवरण धड दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, मग दोन्ही टोकं धरून लिंक हलकी ओढा. रबरासारखी ताणली तर गेली. गाडीत काही चालू नसताना, बिनलोडचा, मल्टिमीटरही फसवतो: एकच तंतू शिल्लक असला तरी १२.६ व्होल्ट दाखवतो. हेडलाइट आणि ब्लोअर लावून लिंकच्या दोन टोकांमधला फरक मोजा. मी ०.१ व्होल्टच्या वर गेलेली लिंक ठेवत नाही.

आता डायनामोचं, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं. एक गृहस्थ आले, एका गॅरेजनं आधी बॅटरी बदलली, मग डायनामो बदलला, तरी चार्जिंगचा दिवा जात नव्हता. इंजिन चालू ठेवून डायनामोच्या मागच्या जाड वायरीच्या नटवर मोजलं तर १४.८ व्होल्ट, बॅटरीवर ११.९. डायनामो करंट देत होता, तो बॅटरीपर्यंत पोचत नव्हता. मधल्या चार्जिंगच्या वायरीचा, नट-बोल्टनं बसवलेला ८० अँपियरचा मोठा फ्यूज उडालेला. नीट विचारल्यावर कळलं, शेजाऱ्यानं आपल्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देताना केबल उलट्या लावल्या होत्या. डायनामोचे डायोड करंट एकाच दिशेनं सोडतात; उलट्या जोडणीत ते सरळ वाट करून देतात, आणि हा फ्यूज क्षणात जातो. दोन ठिकाणी मीटर टेकवायला दोन मिनिटं लागतात, तेवढा धीर नसल्यानं त्या माणसाचे हजारो रुपये गेले. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून डायनामो ‘चेक’ करणं तर कायमचं सोडा, व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो.

शिकायला येणारी पोरं पहिल्याच दिवशी स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र, मागतात. मेन फ्यूज गेलेल्या गाडीत स्कॅनरच्या सॉकेटलाही सप्लाय मिळत नाही. आधी टेस्ट लॅम्प हातात धरायला शिका, स्कॅनर पळून जात नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. लिंक २३ सेंटीमीटरपेक्षा लांब करू नका आणि वायरिंगच्या जुडग्यात कोंबून टेप मारू नका, ती वितळेल तेव्हा शेजारच्या वायरी घेऊन वितळेल. पिळून जोडू नका, तारेच्या टोकाला धातूचं थिंबल नीट दाबून बसवा. नव्या गाड्यांतले मोठे फ्यूज पक्कडीनं वर ओढू नका. त्यातल्या बऱ्याच फ्यूजना बाजूनं किंवा खालून स्क्रू असतात, आणि ओढाओढीत अख्खा फ्यूजबॉक्स फुटतो. मोठ्या फ्यूजचा नट ढिला राहिला तर तिथेच गरम होऊन प्लास्टिक तपकिरी पडतं, म्हणून मी सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक गाडीचा तो नट हातानं तपासतो. जपानी पद्धतीच्या मोठ्या फ्यूजमध्ये ३० अँपियरचा गुलाबी, ४० हिरवा, ५० लाल, ६० पिवळा. हिरवा उडाला म्हणून दुकानदारानं पिवळा दिला तर परत करा, आणि हिरवा मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा.

अँप्लिफायरची वायर बॅटरीवरून घेत असाल तर तिचा स्वतंत्र फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवा. सीटखाली, अँप्लिफायरपाशी बसवलेला फ्यूज फक्त अँप्लिफायर वाचवतो. बॅटरीपासून तिथपर्यंतची, गालिच्याखालून गेलेली वायर बिनसंरक्षणाचीच राहते.