माल्टात फिरायचंय? मग आधी बसचं गणित समजून घ्या

माल्टा नकाशावर बघितलं की वाटतं एवढंसं तर बेट आहे, 27 किलोमीटर लांब नि जेमतेम 14-15 रुंद, दोन दिवसात होईल की बघून. होत नाही हो! ट्रेन नाही, मेट्रो नाही, रस्ते चिंचोळे आणि गाड्या ढीगभर, त्यामुळे इथे किलोमीटर विसरा, बसला किती वेळ लागेल तेवढंच बघा आणि एका दिवशी एकच दिशा धरा. म्दीना-रबात ही शेजारशेजारची जुनी गावं केली की त्याच बाजूचे डिंगलीचे कडे करून टाका, मार्सश्लॉक हे कोळ्यांचं गाव दुसऱ्या दिवशी (रविवारी सकाळी, मासळीबाजार तेव्हाच भरतो).

बस स्टॉपवर आपोआप थांबेल या भरवशावर राहू नका, हात दाखवावा लागतो, आपल्या एसटीसारखा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बस भरली असेल तर ड्रायव्हर सरळ पुढे निघून जातो. म्हणून जमेल तेव्हा राजधानी व्हॅलेटाच्या वेशीबाहेर ट्रायटन फाउंटनपाशी जो मोठा स्टँड आहे तिथूनच चढा, बसायला जागा तरी मिळते. तिकीट उन्हाळ्यात अडीच युरो, हिवाळ्यात दोन, आणि ते दोन तास चालतं, मध्ये बस बदलली तरी परत पैसे नाहीत. पन्नासची नोट काढू नका, सुट्टे ठेवा नाहीतर कार्ड टॅप करा. ड्रायव्हर बरेचदा आपल्याकडचाच निघतो, हिंदीत विचारा बिनधास्त. आणि स्लीमाहून व्हॅलेटाला जायचं असेल तर बस नकोच, समोरासमोर तर आहेत, फेरीबोटीने दहा मिनिटांत पोचता आणि व्हॅलेटाचा सगळ्यात भारी फोटो तिथूनच मिळतो.

गोझो या शेजारच्या बेटावर जायची फेरी माल्टाच्या उत्तर टोकाच्या चिर्केव्वाहून. गंमत म्हणजे जाताना तिकीटच नाही, पैसे येताना म्जारला (गोझोचं बंदर) घेतात, त्यामुळे जाताना काउंटर शोधत बसू नका. पंचवीसेक मिनिटं लागतात. पण व्हॅलेटाहून चिर्केव्वापर्यंतच्या बसलाच तास-सव्वा तास जातो, म्हणून व्हॅलेटाच्या आसपास राहत असाल तर तिथून थेट म्जारला जाणारी फास्ट फेरी घ्या, पाऊण तास, तिचे पैसे मात्र दोन्ही वेळा. गोझोची अझूर विंडो (समुद्रातली खडकाची कमान) बघायची म्हणून कुणी जात असेल तर ती 8 मार्च 2017 च्या वादळात पडली, आता तिथे नुसता समुद्र (जागा तरीही छान आहे, जा). मधल्या छोट्या कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनला 2025 पासून आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, सकाळचा घ्या, दुपारी टॉवेल टाकायलाही जागा नसते. ब्लू ग्रॉटोच्या (समुद्रातल्या गुहा) बोटी समुद्र खवळला की बंद, तेव्हा निघायच्या आधी वारा बघून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर व्हेज लोकांनी घाबरू नका, पास्टीत्सी आहे ना! म्हणजे खुसखुशीत पारीची भरलेली पेस्ट्री, रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची, गरम, स्वस्त, दोन खाल्ल्या की दुपार निघते. अगदी कडक शाकाहारी असाल तर पारीत प्राण्यांची चरबी आहे का ते विचारा, काही ठिकाणी असते. फ्तीरा या इथल्या पावाच्या सँडविचमध्ये ट्यूना असतो, नको म्हणून आधीच सांगायचं. बिगिला म्हणजे कडधान्याची चटणीच, लसूण मजबूत, ब्रेडबरोबर मस्त लागते. नॉनव्हेजवाल्यांसाठी इथला मानाचा पदार्थ ससा. नळाचं पाणी पिता येतं पण बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं, चव काही जमत नाही, लोक बाटल्याच घेतात. प्रत्येक बाटलीवर दहा सेंट डिपॉझिट असतं, रिकामी चेपून टाकू नका, दुकानांबाहेरच्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतं.

प्लग ब्रिटिश, तीन चौकोनी पिनांचा, युरोपचा दोन पिनांचा अडॅप्टर तिथे कामाचा नाही. गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून, पण तरी भाड्याने घेऊ नका असंच मी म्हणेन, पार्किंग शोधण्यात सुट्टी जाते. उन्हाळ्यात गावोगावी फेस्टा (चर्चच्या संताचा उत्सव) असतो, म्हणजे आपल्या गावच्या जत्रेला वाजतात तसे फटाक्यांचे बार सकाळी सकाळी सुरू, तेव्हा हॉटेल चर्चला खेटून घेऊ नका (फेस्टा मात्र चुकवू नका). व्हॅलेटातल्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं 1608 चं चित्र आहे, त्यासाठी खांदे झाकणारे कपडे घाला.

आणि हाल सफ्लिएनीचं हायपोजियम बघायचं ठरवलंत, म्हणजे जमिनीखाली कोरलेलं पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान, तर विमानाच्या तिकिटाबरोबर त्याचंही तिकीट काढा. दिवसाला जेमतेम 80 माणसं सोडतात, तिकिटं महिनो‌न्महिने आधी संपतात, आणि आत फोटो काढायला परवानगी नाही.