हुशार मुलांचं दप्तर, आणि टीचरने नक्की काय मागायचं

"इतका हुशार आहे, मग साधी वही कशी सांभाळता येत नाही याला?" गिफ्टेड, म्हणजे खास हुशार मुलांसाठीच्या वर्गाच्या प्रत्येक पालकसभेत हे वाक्य एकदा तरी ऐकू येतंच, कधी आई म्हणते, कधी बाबा, आणि स्टाफरूममध्ये आम्ही शिक्षकही म्हणतो. मी बरीच वर्षं तिसरी-चौथीच्या अशा मुलांना शिकवतेय आणि माझं आता पक्कं मत झालंय की हुशारी आणि टापटीप ही दोन वेगळी खाती आहेत, एकात भरपूर जमा आहे म्हणून दुसऱ्यातून काढता येत नाही.

एकदा एका मुलीच्या शेजारी बसून तिचं दप्तर रिकामं केलं. तळाशी चुरगळलेल्या अकरा वर्कशीट निघाल्या, त्यातल्या आठ पूर्ण सोडवलेल्या, उत्तरं बरोबर, एकीवर तर मागच्या बाजूला तिने स्वतःहून दुसरी पद्धतही करून बघितली होती, आणि यातली एकही माझ्याकडे आली नव्हती म्हणून माझ्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे शून्य. मी विचारलं, दिली का नाहीस गं? तर म्हणाली, "टीचर, सोडवून झालं ना!" तिच्यासाठी काम उत्तर सापडलं तिथेच संपत होतं, नाव घालणं, तारीख घालणं, ट्रेमध्ये ठेवणं हा कामाचाच भाग आहे हे तिला कोणी कधी वेगळं सांगितलंच नव्हतं, मीही नाही. त्यामुळे त्याला आळस म्हणणं चूक होतं.

यामागे एक साधं कारण असतं. पहिली-दुसरीत या मुलांना सगळं डोक्यात ठेवूनच जमलेलं असतं, डायरी लिहायची गरजच पडलेली नसते, आणि मग गिफ्टेड वर्गात अचानक तीन आठवड्यांचा प्रोजेक्ट येतो, चार टप्पे, दोन मसुदे, आणि डोकं पुरत नाही. शिवाय योजना आखणं, लक्षात ठेवून वेळेवर करणं हे काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटावी लागते. 2006 साली फिलिप शॉ आणि त्यांच्या टीमने 'नेचर'मध्ये 307 मुलांच्या मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास छापला, त्यात सगळ्यात जास्त बुद्ध्यांक असलेल्या गटात मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी बाकीच्यांपेक्षा उशिरा, साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास कळसाला पोचलेली दिसली. त्यावरून दप्तराचं काही सिद्ध होत नाही, पण हुशार म्हणजे सगळ्याच बाबतीत वयाच्या पुढे हे गृहीत धरू नका एवढं मी त्यातून घेते.

आता शिक्षकांनी काय करायचं. सगळ्यात आधी "पूर्ण झालं" म्हणजे काय ते लिहून भिंतीवर लावा: नाव, तारीख, काम तपासलं, ट्रेमध्ये ठेवलं. चारच ओळी. "नीट करा", "जबाबदारीने वागा" या अपेक्षा मुलाला दिसत नाहीत, ट्रे दिसतो. मी तर नीट लावलेल्या बाकाचा फोटोच चिकटवते, आवरताना मुलं त्याच्याशी ताडून बघतात. तोंडी सूचना एका वेळी दोन-तीनच द्या, बाकी फळ्यावर.

मग तासाची शेवटची सात मिनिटं बाजूला काढा, आणि ही खरंच काढा, कारण बेल वाजल्यावर दिलेला होमवर्क कोणीच नीट लिहून घेत नाही. त्या वेळात डायरी लिहायची, कागद फोल्डरमध्ये जायचा. फोल्डर एकच, दोन कप्प्यांचा, डावीकडे घरी न्यायचं, उजवीकडे परत द्यायचं. प्रत्येक विषयाला वेगळ्या रंगाची फाइल ही कल्पना मोठ्यांना फार आवडते पण नऊ वर्षांच्या मुलाला सहा फाइली सांभाळायला लावलं की तो सहाही हरवतो.

मोठा प्रोजेक्ट असेल तर शेवटची तारीख एकटी देऊ नका, उलटं मोजत या, शुक्रवारी द्यायचाय तर बुधवारी चित्रं, सोमवारी मसुदा. काम किती वेळ घेईल याचा अंदाज माणूस नेहमी कमी बांधतो, काह्नेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच या चुकीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलंय, मोठ्यांनाही ती टळत नाही तर मुलांचं काय! म्हणून मुलांना आधी अंदाज लिहायला लावा, मग टायमर लावा, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. "दहा मिनिटं" म्हणणारा मुलगा पस्तीस बघतो तेव्हा तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

मार्कांबद्दल माझा आग्रह आहे, समजलं किती याचे मार्क वेगळे आणि वेळेवर दिलं का याची नोंद वेगळी. दोन्ही एकत्र केलं की ज्याला सगळं येतं त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'येत नाही' असं उमटतं, आणि शिक्षकही हळूहळू तेच मानायला लागतात. शिक्षकाने काय मानलं याचा फरक पडतो, रोझेंथाल आणि जेकबसन यांचा 1968 चा प्रसिद्ध प्रयोग हाच आहे, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली मुलं "ही आता झेप घेणार" म्हणून शिक्षकांना सांगितली आणि वर्षअखेर त्यातल्या काहींची, विशेषतः पहिली-दुसरीतल्यांची, बुद्ध्यांक चाचणी जास्त सुधारली. नंतर त्यावर बरीच टीका झाली, परिणाम वाटला तेवढा मोठा नाही असंही दिसलं, तरी "हा विसरभोळाच आहे" हे मुलासमोर म्हणू नका.

काम न देण्यामागे दुसरी कारणंही असतात हं. कधी मूल परफेक्ट झालं नाही म्हणून लपवतं, अशा वेळी कच्चा मसुदाच मागा आणि त्यावर मार्क नकोत. कधी तेच तेच येणारं काम असतं, मग आधी छोटी चाचणी घ्या, येत असेल तर त्या वीस गणितांऐवजी एक अवघड द्या.

पालकांनो, दप्तर तुम्ही भरू नका. रात्री जेवणानंतर ठरलेल्या वेळी शेजारी उभं राहा आणि विचारा, "उजव्या कप्प्यात काय जाणार?" पहिले दोन आठवडे रोज, मग दिवसाआड, मग फक्त रविवारी. "ब्रश केला की लगेच फोल्डर दप्तरात" असं एका सवयीला दुसरी बांधली की टिकते. आणि कौतुक करताना "हुशार आहेस" ऐवजी "डायरी बघून आठवलंस ना, छान" म्हणा.

हे सगळं दीड-दोन महिने मनापासून करूनही काहीच हललं नाही, मूल रडकुंडीला येतंय, तर एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं कठीण जाणं) किंवा शिकण्यातली अडचण हुशारीखाली झाकली गेलेली असू शकते, हुशारी आणि अडचण दोन्ही एकाच मुलात असू शकतात. तेव्हा बालमानसतज्ज्ञांना भेटा, आणि जाताना मार्कांच्या कागदांसोबत ती डायरी, तो फोल्डर आणि टायमरचे आकडेही घेऊन जा.