विद्यापीठासाठी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक घेताना

कॉन्फोकल म्हणजे लेझरने नमुन्याचा एकेक पातळ थर टिपणारा सूक्ष्मदर्शक. कॅटलॉग उघडण्याआधी विभागातले नमुने लिहून काढा: कोणते फ्लुरोफोर (लेझर पडला की चमकणारे रंग), किती जाडीचे छेद, पेशी जिवंत की रसायनाने स्थिर केलेल्या. डॅपी (निळा), जीएफपी (हिरवा) आणि लाल रंगांसाठी ४०५, ४८८, ५६१ नॅनोमीटरचे लेझर पुरतात. काटकसर जादा लेझरवर करा, ६०एक्स १.४ एनएच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळचे, तेलाचा थेंब लावून वापरायचे ६० पट भिंग; एनए म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता) नको. बारीक तपशील तिथूनच मिळतो.

निविदा दोन लिफाफ्यांची ठेवा: एकात तांत्रिक माहिती, दुसऱ्यात दर. तांत्रिक अटी एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलल्या की हरकती येतात, खरेदी अडकते. डेमो आपल्याच स्लाइडवर मागा. वॉरंटीनंतरच्या ५ वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर निविदेतच घ्या. नंतर घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

कंपने टाळायला खोली तळमजल्यावर, लिफ्टपासून लांब. ऑनलाइन यूपीएस हवाच. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर बंद राहिला तर भिंगांवर बुरशी धरते.