बागेतल्या मिनी ट्रॅक्टरची चाके : हवा, पकड आणि वजन

द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत मिनी ट्रॅक्टरची चाके घसरू लागली, की सोलापूरकडचे बहुतेक शेतकरी आधी वजन वाढवायच्या मागे लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी हवा पाहावी, मग जमिनीचा वापसा (ओल उतरून माती कामाजोगी झाली का ते) पाहावा आणि वजनाकडे सर्वांत शेवटी वळावे, कारण जादा वजनाने दोन ओळींमधली काळी माती दाबली जाते आणि तिचा भुर्दंड मुळांना सोसावा लागतो.

रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातही मालट्रकच्या हिशेबाने हवा ठोकली जाते. असे टणक झालेले चाक मधल्या भागावरच टेकते, नक्षी मधोमध झिजते आणि पकड जाते. कंपनीच्या पुस्तिकेत आपल्या मापाच्या टायरसाठी दिलेला आकडा प्रमाण मानावा. मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांसाठी शेतकामात तो पुष्कळदा १२ ते १८ पाउंडांच्या आसपास असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी, कारण एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. मात्र हवा फार कमी ठेवली, तर ओढकामात रिम टायरच्या आत सरकते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो.

चाक नेमके किती घसरते, हे अंदाजाने ठरवू नये. मागच्या टायरवर खडूने खूण करून ट्रॅक्टर अवजार उचलून शेतातच चालवावा आणि चाकाच्या १० फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे. मग रोटाव्हेटर किंवा कल्टिव्हेटर जमिनीत टाकून पुन्हा १० फेऱ्या मोजाव्यात. पहिल्या वेळी २५ मीटर आणि दुसऱ्या वेळी २२ मीटर भरले, तर घसरण १२ टक्के झाली. १० ते १५ टक्के घसरण चालते. त्याहून जास्त असेल, तरच वजनाचा विचार करावा. रोटाव्हेटर फिरत्या पात्यांमुळे स्वतःच ट्रॅक्टरला पुढे ढकलत असल्याने त्याच्यावर कमी घसरण दिसते, म्हणून ही परीक्षा कल्टिव्हेटरवर घेतलेली बरी.

वजनासाठी टायरमध्ये पाणी भरणे हा स्वस्त उपाय आहे. चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह अगदी वर आणावा आणि त्या पातळीपर्यंत पाणी भरावे, म्हणजे टायर सुमारे तीन चतुर्थांश भरतो; उरलेल्या जागेत हवा भरून दाब जुळवावा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे त्यात मीठ किंवा दुसरे काही मिसळण्याची गरज नाही.

खरी अडचण द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर येते. परतीचा पाऊस झाला, की डाऊनी (केवडा) रोगाच्या धास्तीने ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, तातडीने बागेत न्यावा लागतो आणि वापशाची वाट पाहण्याइतकी सवड नसते. अशा वेळी ब्लोअरची टाकी अर्धीच भरावी, जुन्याच चाकोरीने जावे आणि नक्षीत घट्ट बसलेला चिखल ओळीच्या टोकाला खुरप्याने काढावा, कारण चिखलाने भरलेली नक्षी गुळगुळीत टायरसारखीच वागते. एक चाक जागेवर फिरू लागले, तर आधी क्लच दाबून चाके थांबवावीत आणि मगच मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक लावावा. वळण्यापूर्वी तो न विसरता सोडावा. नवा टायर बसवताना बाजूवरचा बाण पुढच्या दिशेने फिरतो ना, हेही पाहावे. टायर उलटा बसला, तर चिखल बाहेर फेकला जाण्याऐवजी मध्येच साचतो.

सांगोला-मंगळवेढ्याकडे बांधावरच्या वेड्या बाभळीचा त्रास चिखलाहून मोठा असतो. पंक्चर काढल्यावर ट्यूब लगेच आत घालू नये. जुन्या सुती चादरीचा तुकडा टायरच्या आतून हळूहळू फिरवावा. काट्याचे तुटलेले टोक बोटाला लागत नाही, पण कापडाचा धागा तिथे अडकतो. ते टोक पकडीने बाहेर ओढूनच ट्यूब बसवावी, नाहीतर दुसऱ्याच फेरीत तेच पंक्चर पुन्हा होते.